लटारूजींचे तीन मार्क

"पाच सेकंद म्हणजे पाच सेकंद!" टेंभुर्णे सर कडाडले. "तीन सेकंदांत कुणाला दुःख होतं का? पुन्हा कर!"

मी पुन्हा केलं. समोरच्या खुर्चीत बसलेल्या लटारूजी निकुऱ्यांना मी त्या दुपारी चौथ्यांदा पोटाचा कर्करोग झाल्याचं सांगितलं, मनात एक ते पाच मोजले आणि सहाव्याला त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. लटारूजींनी चौथ्यांदा हंबरडा फोडला. तो पहिल्या तिन्हींपेक्षा सरस होता.

"आता जमलं," सर म्हणाले.

मी तेव्हा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होते. डॉक्टरांनी रुग्णांशी करुणेने बोलावं असा तीन-चार वर्षांपूर्वी वरून आदेश आला होता, आणि आमच्या सरकारी कॉलेजने तो इतर सगळ्या आदेशांसारखाच पाळला, म्हणजे त्याचा तक्ता केला. तक्त्यात दहा टप्पे. नमस्कार, स्वतःचं नाव, खुर्ची जवळ ओढणे, 'तुम्हाला आजाराबद्दल काय माहिती आहे?', 'बातमी फारशी चांगली नाही', मग बातमी, मग ती पाच सेकंदांची शांतता, खांद्यावर हात, 'मी समजू शकते' आणि शेवटी 'काही प्रश्न आहेत का?'. प्रत्येकाला एक मार्क. करुणा पैकीच्या पैकी मिळवता येते हे कळल्यावर माझ्यासारख्या पाठांतरवाल्या मुलीला दुसरं काय हवं होतं?

हा वर्ग टेंभुर्णे सरांकडे होता, कारण ते जनआरोग्य विभागाचे प्रमुख होते आणि त्यांच्या विभागात पंखे चालू होते. त्या दुपारी एक म्हातारी हातात चिठ्ठी धरून दारात आली आणि एक्स-रेची खोली कुठे म्हणून विचारू लागली.

"इथे सहानुभूतीचा वर्ग चालू आहे, दिसत नाही का?" सर गरजले. "व्हा बाहेर!"

म्हातारी बाहेर झाली. सर आमच्याकडे वळले आणि मऊ आवाजात म्हणाले, "हं, तर नजरेला नजर देण्याबद्दल आपण बोलत होतो."

कुणी हसलं नाही. मी तर वहीत 'नजरेला नजर' असं लिहून खाली रेघ मारली.

लटारूजी हे आमचे नकली रुग्ण. चाळीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत काम केलेला माणूस. आमच्याकडे दिवाळी उलटली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि होळीपर्यंत नाटकं चालतात. लटारूजी त्यात मुलीचे बाप व्हायचे. त्यांचं रडणं बघायला लोक बैलगाड्या जुंपून यायचे म्हणे. उरलेल्या दिवसांत हा माणूस मोकळाच असतो हे सरांनी हेरलं आणि त्यांना चार आजार पाठ करायला दिले. लटारूजी हुकमी रडायचे. रडून झालं की उपरण्याने डोळे पुसायचे, खिशातून खर्ऱ्याची पुडी काढायचे आणि चिमूटभर गालात धरायचे. आमच्या भागात खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं जेवण, बाकीचं जेवण हे तोंडी लावणं. वर्गात पंचवीस भावी डॉक्टर बसलेले असायचे. 'लटारूजी, हे सोडा' असं एकानेही कधी म्हटलं नाही. तक्त्यात तसा टप्पा नव्हता.

जुलैत स्पर्धा जाहीर झाली. 'उत्कृष्ट संवादक' अशी ढाल, आणि जिंकणाऱ्याला राज्याच्या स्पर्धेसाठी मुंबईला पाठवणार. ढाल माझीच होती, फक्त त्यावर नाव कोरायचं बाकी होतं. माझे बाबा जिल्हा परिषदेत शिपाई होते. त्यांना मी फोन करून सांगूनही टाकलं होतं की टीव्हीच्या वरची जागा मोकळी करून ठेवा. त्यांनी तिथली घड्याळाची पेटी हलवली आणि शेजाऱ्यांना ती का हलवली हेही सांगून आले.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. अधिष्ठाता स्वतः पहिल्या रांगेत. ऐन वेळी सरांनी एक नवा नियम सांगितला. दहा मार्क परीक्षकाचे आणि दहा मार्क खुद्द रुग्णाचे, कारण वरच्या पत्रकात 'रुग्णकेंद्री' असा शब्द आला होता. मला आनंदच झाला. लटारूजींना मी चौदा वेळा कर्करोग सांगितला होता. एवढी जुनी ओळख.

"नमस्कार. मी डॉक्टर तेजस्विनी डोंगरदिवे," मी खुर्ची ओढत म्हटलं. तीन मार्क खिशात.

"नमस्कार जी, डॉक्टरबाई."

"आजोबा, तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय माहिती आहे?"

इथे त्यांनी 'पोटात दुखते जी, अन्न जात नाई' असं म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, डाव्या गालात बोट घातलं आणि गाल बाहेरच्या बाजूला ताणून धरला.

"इथं दुखते जी," ते म्हणाले. "पंधरा दिस झाले. तिखट लागत नाई. पाहा ना जरा."

म्हातारा विसरला! केस क्रमांक चार पोटाची, आणि हा बोट घालतोय गालात. लटारूजींची भूमिका बिघडली तर माझे मार्क जाणार. मी हसून, अगदी प्रेमळ आवाजात म्हटलं, "आजोबा, पोटात. तुमचं पोटात दुखतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. गालातलं बोट हळूच काढलं.

"हो जी," ते म्हणाले. "पोटात."

गाडी रुळावर आली. मी बातमी फारशी चांगली नसल्याचं सांगितलं, बातमी सांगितली, पाचपर्यंत मोजलं. त्या दिवशी ते हंबरडा फोडत नव्हते, नुसते बसून होते. मी खांद्यावर हात ठेवला. तेव्हा ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "खरंच असं निघालं तर आमच्या घरच्या बाईले कोन सांगल जी?"

हे वाक्य कागदावर नव्हतं. पण माझा पुढचा टप्पा तयार होता.

"मी समजू शकते," मी म्हटलं. "काही प्रश्न आहेत का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टेंभुर्णे सरांनी दहापैकी दहा दिले आणि शेऱ्याच्या रकान्यात 'रुग्णाचा अभिनय आज विशेष नैसर्गिक' असं लिहिलं. ते आमच्यापासून दोन हातांवर बसले होते. पंचवीस वर्षांची डॉक्टरकी पाठीशी होती त्यांच्या.

लटारूजींनी मला तीन दिले.

ढाल सौरभ हटवारला गेली. हा सौरभ स्वतःचं नाव सांगायला विसरला, खुर्ची ओढताना तिचा पाय लटारूजींच्या अंगठ्यावर ठेवला, आणि ते रडायला लागल्यावर घाबरून 'आजोबा, चहा आणू का?' असं विचारून सरळ सभागृहाबाहेर निघून गेला. आला तेव्हा खरोखर चहा घेऊन आला, त्यातला अर्धा बशीत. सरांनी त्याला पाच दिले. लटारूजींनी नऊ. टीव्हीवर घड्याळाची पेटी परत ठेवली गेली.

मी तावातावाने गेटबाहेरच्या टपरीवर गेले. लटारूजी बाकावर एकटेच बसले होते.

"तीन का?" मी नमस्कार वगैरे न करता विचारलं. "माझं काय चुकलं? एकही टप्पा सुटला नाही. सरांनी दहा दिले."

"सरायनं देल्ले ते बराबर आहेत जी. तुमी काईच चुकल्या नाई."

"मग?"

"तुमचे ओठ हालत होते," ते म्हणाले. "एक, दोन, तीन, चार. मी पन तुमच्यासंगं मोजत होतो."

"आणि तुम्ही? तुम्ही पोटाच्या जागी तोंड दाखवलंत! मी सावरून घेतलं म्हणून बरं. नाहीतर अधिष्ठात्यांसमोर तुमचीच शोभा झाली असती."

लटारूजी काहीतरी बोलणार होते. त्यांनी चहाचा घोट घेतला, उजव्या बाजूने, मान तिरकी करून. मग ग्लास खाली ठेवला.

"बसा ना, डॉक्टरबाई. चहा घ्या."

"मला वेळ नाही," मी म्हटलं आणि पाय आपटत निघून आले. उत्कृष्ट संवादक म्हणून मुंबईला जायची माझी लायकी किती होती, ते तिथेच ठरायला हवं होतं. पण टपरीवर परीक्षक नव्हता.

पुढे माझी परीक्षा झाली, मी पास झाले, आणि एप्रिलमध्ये इंटर्न म्हणून कान-नाक-घशाच्या विभागात लागले. इंटर्न म्हणजे रक्ताच्या नळ्या घेऊन पळणारा पदवीधर. एका सकाळी ओपीडीत दोनशे माणसं असताना आमच्या रेसिडेंटने एक कागद माझ्या हातात कोंबला.

"बायोप्सीचा रिपोर्ट आलाय. डाव्या गालाचा कर्करोग, जबड्यापर्यंत गेलाय. जबड्याचा तुकडा काढावा लागेल. नातेवाईक कुणी दिसत नाही, पेशंटला तू सांगून टाक."

"मी?"

"तूच ती तक्तेवाली ना? सगळे टप्पे पाठ असलेली? जा, उपयोग कर."

कागदावर नाव होतं, लटारू सोमाजी निकुरे, वय त्रेसष्ट.

ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. गाल सुजून चकचकीत झाला होता आणि मान एका बाजूला कलली होती. मला बघून त्यांनी हात जोडले. मी नमस्कार केला. नाव सांगायची गरज नव्हती. बाजूला एक खुर्ची होती. मी सवयीने ती त्यांच्या जवळ ओढली आणि बसले.

लटारूजींनी खुर्चीकडे पाहिलं.

"खुर्ची ओढली तुमी," ते म्हणाले. शब्द जड येत होते. "म्हन्जे तोच हाय."

चार वर्षांत दीडशे पोरांनी त्या माणसाला वाईट बातमी सांगितली होती. कोणत्या हालचालीनंतर काय येतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. बाकीच्या रुग्णांना निदान पाचव्या टप्प्यापर्यंत आशा असते. आम्ही शिकवून शिकवून लटारूजींची तेवढीही ठेवली नव्हती.

दहाही टप्पे पाठ होते आणि एकही आठवेना. काहीतरी करायचं म्हणून मी त्यांचा केसपेपर उघडला. आदल्या आठवड्यात कुणीतरी घाईघाईत लिहिलं होतं, 'डाव्या गालात जखम. कालावधी : दहा महिने.'

मी बोटांवर मोजलं. हे मात्र मला छान जमायचं. एप्रिल, मार्च, फेब्रुवारी, जानेवारी. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. सप्टेंबर, ऑगस्ट. जुलै.

जुलैत पंधरा दिस झाले होते.

सभागृह माझ्या डोळ्यांसमोर आलं. तो ताणलेला गाल, आत फिरणारं बोट, 'पाहा ना जरा'. आणि माझा प्रेमळ आवाज. पोटात, आजोबा. मला त्या ओपीडीत, दोनशे माणसांसमोर, शरमेने जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"तुम्ही मला दाखवलं होतं," मी म्हटलं. "त्या दिवशी. ते नाटक नव्हतं."

"नाई जी."

"मग सरळ का नाही आलात? ओपीडी समोर होती. रोज तर कॉलेजात यायचात."

"भेव वाटे," ते म्हणाले. "डॉक्टरपाशी खरं म्हून जावाले भेव वाटे. नाटकात इचारून पाहू म्हनलं. नाटकात मानूस काईही इचारू शकते. बाई हुशार हाय, म्हनलं, ते पाहील. मंग तुमी पोट म्हनलं, त मले वाटलं काई नसल. डॉक्टरनं पाहलं अन् काई म्हनलं नाई, म्हन्जे काई नसलच." त्यांनी थुंकी गिळली. "दुसऱ्या पोराले दाखवाची हिंमत नाई झाली. मंग मंडईचा सीझन लागला."

"पण मी टपरीवर आले होते. तिथे तर नाटक नव्हतं. तिथे का नाही सांगितलंत?"

लटारूजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तिथं तुमी मार्क इचाराले आल्या होत्या जी."

मी रडले. डॉक्टरने रुग्णासमोर रडू नये असा नियम आहे आणि त्याला बहुधा अर्धा मार्क आहे. रेसिडेंट लांबून बघत होता. लटारूजी मात्र रडले नाहीत. हजारो माणसांना रडवलेला तो माणूस कोरड्या डोळ्यांनी भिंतीवरच्या पाट्या वाचत होता. किती वेळ गेला मला माहीत नाही. मी मोजलं नाही.

"कापतील?" त्यांनी विचारलं.

"हो. गाल, आणि जबड्याचा तुकडा."

"मंग बोलता नाई येनार."

"येईल. पण पहिल्यासारखं नाही. स्टेजवर..." मी थांबले. "स्टेजवर नाही, लटारूजी."

"अन् नाई कापलं त?"

"तर वर्षभर. तेही दुखण्यात."

त्यांनी मान हलवली. मग तोच प्रश्न आला, त्याच शब्दांत, त्याच हळू आवाजात. "आमच्या घरच्या बाईले कोन सांगल जी?"

"कुठे आहेत त्या?"

"बाहीर. झाडाखाली. दाताचं दुखते म्हून सांगतलं तिले."

"चला," मी म्हटलं.

अनुसयाबाई कडुलिंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले, कारण ओढायला खुर्ची नव्हती. नाव सांगितलं नाही, नमस्कारही राहिला. "मावशी, हे दाताचं नाही," मी म्हटलं. "कॅन्सर आहे. ऑपरेशन लवकर करावं लागेल. ह्यांनी मला मागच्या जुलैतच दाखवलं होतं. माझ्याकडून बघायचं राहिलं." एका श्वासात सगळं. तक्त्याप्रमाणे दहापैकी एक मार्क, तोही सहाव्या टप्प्याचा.

अनुसयाबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता कानाखाली बसणार. बसायलाही हवी होती.

"माझ्यापासून लपवलं?" त्या त्यांना म्हणाल्या. "दहा महिने? अजी, मी काय परकी हाव का?" मग पदर तोंडात कोंबून त्या हमसाहमशी रडल्या. लटारूजी त्यांच्या शेजारी बसले आणि त्या क्षणी त्यांनाही रडू फुटलं. हंबरडा वगैरे नव्हता. बारीक, खरखरीत, ऐकवत नाही असा आवाज. ते खरोखर रडतात तेव्हा अगदीच वाईट रडतात, हे मला तेव्हा कळलं.

थोड्या वेळाने अनुसयाबाईंनी नाक पुसलं आणि मला दंडाला धरलं. "कापाले केव्हा न्यायचं? कोन्त्या खिडकीवर जाचं? तू चाल माझ्यासंगं. मले लिवता-वाचता नाई येत."

मी गेले. खिडकी क्रमांक सात, मग अकरा, मग परत सात. माझ्या रक्ताच्या नळ्या त्या दिवशी उशिरा पोहोचल्या आणि रेसिडेंटने सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली.

ऑपरेशन नवव्या दिवशी झालं. लटारूजी त्यानंतर सहा वर्षं जगले. स्टेजवर पुन्हा गेले नाहीत. जुलैत गालात नुसती लहान जखम होती. तेव्हा तेवढीच कापली असती तर जबडा वाचला असता आणि बहुतेक आवाजही. हे मला कुणी म्हणालं नाही, त्यांनीही नाही. माझं मला कळतं.

आता टेंभुर्णे सर निवृत्त आहेत आणि तो वर्ग माझ्याकडे आहे. सरांचा अजूनही दर शिक्षकदिनाला करुणेवर लांबलचक संदेश येतो. तक्ता मी काढू शकले नाही. विद्यापीठाला तो लागतो, आणि आता त्यात सोळा टप्पे आहेत. पाच सेकंदांची शांतता वाढून आठ झाली आहे. मुलं ती मनात मोजतात, ओठ हलतात, मी बघते.

मी एकच भर घातली. परीक्षेआधी सगळे विद्यार्थी समोर बसलेले असताना मी प्रत्येक नकली रुग्णापाशी जाते, बॅटरी घेऊन, आणि विचारते, "खरंच कुठे काही दुखतंय का? आ करा." मुलं एकमेकांकडे बघून हसतात. ह्याला किती मार्क आहेत, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि नाहीत म्हटल्यावर पेन खाली ठेवतं.

गेल्या वर्षी वामनराव नावाचे एक निवृत्त कंडक्टर आमच्याकडे हृदयविकाराच्या भूमिकेत होते. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नाही बाई, आपण ठणठणीत," आणि हसले. मी पुढे निघाले होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोनदा नापास झालेली, तक्ता कधीच धड पाठ न करणारी.

"मॅडम," ती म्हणाली, "ते नाही म्हणाले, पण उजव्या हाताने डावा हात दाबत होते. सकाळपासून दाबतायत."

परीक्षा त्या दिवशी रद्द झाली. वामनरावांना आम्ही स्ट्रेचरवरून खाली नेलं, ते वाचले, आणि परीक्षा पूर्वपरवानगीशिवाय रद्द केल्याबद्दल मला मेमो आला. मुलीला मार्क द्यायला माझ्याकडे रकाना नव्हता. मी तिला गेटबाहेरच्या टपरीवर नेलं, बाकावर बसवलं आणि चहा सांगितला. ह्या वेळी मला वेळ होता.